पाणी परत कुठं सोडायचं?

आमच्या भागात, म्हणजे ओहायो राज्यात कोलंबसच्या उत्तरेला, जुनं घर विकत घेताना लोक छप्पर बघतात, पाया बघतात, शाळा कुठली लागते ते विचारतात. मी कुणाबरोबर घर बघायला गेलो की आधी बेसमेंटमध्ये उतरतो. तिथं भट्टीच्या जागी पत्र्याची चौकोनी पेटी दिसली, तिच्यात बोअरच्या पाण्याची एक नळी शिरताना आणि दुसरी बाहेर पडताना दिसली, की मालकाला माझा एकच प्रश्न असतो: हे पाणी पुढं जातं कुठं? बऱ्याच जणांना सांगता येत नाही. ज्यांना येतं त्यांची उत्तरं ऐकण्यासारखी असतात. मागच्या तळ्यात. शेजारच्या शेताखालून निचऱ्याच्या नळ्या गेल्यात त्यांतल्या एकीत. हे जरा आवाज खाली आणून. अंगणात दुसरं बोअर आहे त्यात, पण ते हल्ली पाणी घेत नाही.

ही पेटी म्हणजे भूजलावर चालणारा हीट पंप. हिवाळ्यात घर तापवतो, उन्हाळ्यात तेच घर गार करतो. माझा पोटापाण्याचा धंदा भूजलाचा. बोअर कुठं मारायचं, किती खोल जायचं, किती पाणी मिळेल हे सांगण्यात हयात गेली. माझं गाव सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात. तिथं हे काम पाणाड्या करतो, आणि आमचे थोरले काका शेवटपर्यंत मला ‘सर्टिफिकेटवाला पाणाड्या’ म्हणत. कॉम्प्रेसरवाल्या इंजिनिअरांनी लिहिलेला या यंत्राचा इतिहास मी वाचतो तेव्हा तो मला अर्धाच वाटतो. त्यात लॉर्ड केल्विन असतो, फ्रिऑन असतो, कार्यक्षमतेचे आकडे असतात. वापरलेलं पाणी गेलं कुठं, ते नसतं. या यंत्राचं नशीब मात्र त्या पाण्यानंच ठरवलेलं आहे.

आधी थोडा हिशेब. जमिनीखाली तीस-चाळीस फुटांवर गेलं की ऋतू संपतात. तिथलं पाणी बारा महिने जवळजवळ एकाच तापमानाला असतं, आणि ते तापमान त्या गावाच्या वर्षभराच्या सरासरीच्या आसपास येतं. आमच्याकडे ते साधारण १२ अंश सेल्सिअस. जानेवारीत बाहेर उणे १५ असताना हे पाणी ऊबदार, जुलैत बाहेर ३३ असताना तेच थंडगार. हीट पंप हे फ्रिजचंच यंत्र: एका बाजूची उष्णता उचलायची आणि दुसऱ्या बाजूला नेऊन टाकायची. माझ्या घरातलं यंत्र मिनिटाला साधारण २६ लिटर पाणी घेतं आणि हिवाळ्यात ते ५ अंशांनी गार करून सोडतं. एवढ्यातून सुमारे ९ किलोवॅट उष्णता मिळते. कॉम्प्रेसरची ३ किलोवॅट वीजही शेवटी उष्णताच होते, म्हणजे घराला मिळाली १२. तीन युनिट विजेत बारा युनिट ऊब. बोअरचा पंप चालवायला लागते ती वीज यातून वजा करा, आणि पाणी फार खोल असेल तर बरीच वजा करा. पण तासाला दीड हजार लिटरच्या वर पाणी बेसमेंटमधून वाहून जातंय, हा आकडा लक्षात असू द्या.

कल्पना जुनी आहे आणि तिचं एक टोक आपल्याकडे वळलेलं आहे. चार्ल्स पियाझी स्मिथ हा स्कॉटलंडचा राजज्योतिषी. उष्ण कटिबंधातल्या खोल्यांमधली हवा गार कशी करावी, यावर त्यानं १८५० च्या सुमारास लिहिलं. हवा दाबायची, दाबल्यानं तापलेली ती हवा निववायची, मग फुलू द्यायची. फुलताना ती गार होते. उष्ण कटिबंधातल्या खोल्या म्हणजे अर्थातच तिथल्या साहेबांच्या खोल्या. पंखा ओढणाऱ्याच्या ओसरीचा त्यात विचार नव्हता. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचा लॉर्ड केल्विन, यानं १८५२ साली ग्लासगोत निबंध वाचला आणि दाखवून दिलं की हेच यंत्र उलटं चालवलं तर घर तापवता येईल, तेही तोच कोळसा थेट जाळण्यापेक्षा कमी कोळशात. ग्लासगोत तेव्हा कोळसा मुबलक. कुणी ते यंत्र बांधलं नाही. पाच वर्षांनी ऑस्ट्रियात एबेन्झेच्या मिठागरात पेटर फॉन रिटिंगर यानं वाफ पुन्हा दाबून तिचीच उष्णता मिठाचं पाणी आटवायला वापरून पाहिली, कारण तिथं सरपणाचा खर्च डोईजड झाला होता. तेव्हापासून आजपर्यंत हेच चालू आहे: जळण महागलं की हीट पंपाची आठवण होते, स्वस्त झालं की विसर पडतो.

स्वित्झर्लंडकडे कोळसा नाही, डोंगरातली वीज मात्र आहे. म्हणून जमिनीतली उष्णता हीट पंपानं घ्यायचं पेटंट १९१२ साली तिथल्याच हाइनरिश झोएली यानं काढलं, आणि १९३८ मध्ये झुरिकच्या टाउन हॉलमध्ये लाकडाच्या शेगड्या जाऊन लिमाट नदीच्या पाण्यावर चालणारा हीट पंप आला. तो साठ वर्षांहून अधिक टिकला. नदीतून पाणी घेतलं, नदीत सोडलं. तिथं माझा प्रश्न उद्भवतच नाही.

तो उद्भवला न्यूयॉर्कजवळ, आणि हीट पंप घराघरांत पोचण्याच्याही आधी. लाँग आयलंड हे बेट वाळू-रेतीचं आहे. खाली पाणी भरपूर. त्याच्या पश्चिम टोकावर ब्रुकलिन. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत तिथं कारखाने वाढले, त्यांच्या मागून नाटक-सिनेमाची थिएटरं, मोठाली दुकानं आली, आणि उन्हाळ्यात गिऱ्हाईक आत टिकवायचं तर हवा गार हवी. बोअरचं पाणी गारच असतं. ते उपसायचं, नळ्यांच्या जाळीतून फिरवायचं, त्या जाळीवरून हवा सोडायची, आणि ऊन झालेलं पाणी गटारात. सगळेच हे करू लागले. भूजलाची पातळी समुद्रसपाटीच्याही खाली गेली आणि खारं पाणी आत सरकायला लागलं. १९३३ साली राज्यानं कायदा केला: मोठा उपसा करायचा तर परवाना घ्या, आणि गारव्यासाठी वापरलेलं पाणी दुसऱ्या विहिरीतून पुन्हा जमिनीत सोडा.

माझ्या लेखी या धंद्याचा खरा इतिहास इथून सुरू होतो. एक बोअर उपशाचं, एक परतीचं. कायदा शहाणपणाचा होता, पण पाणी परत गेलं ते ऊन होऊन. थिएटर हिवाळ्यात गार करावं लागत नाही, त्यामुळे जमिनीत दर उन्हाळ्यात उष्णता पडत राहिली आणि ती बाहेर काढणारं कुणी नव्हतं. काही वर्षांत परतीच्या विहिरींभोवतालचं भूजल तापल्याचं सरकारी भूशास्त्रज्ञांनी मोजून दाखवलं. ज्या गारव्यासाठी बोअर मारलं, तो गारवाच शेजाऱ्याच्या परतीच्या पाण्यानं कमी होऊ लागला. शहराला नळानं जाणारं भूजल ब्रुकलिनमध्ये १९४७ साली बंद झालं. मग उलटा प्रकार: उपसा थांबला, पातळी वर चढली आणि तळघरांत, पुढं भुयारी रेल्वेतही पाणी यायला लागलं. खोदताना पाणी खोल होतं म्हणून त्याची तजवीजच कुणी केली नव्हती. आमच्या धंद्यात नवीन आलेल्या प्रत्येकाला मी ही हकिगत सांगतो. पातळी खाली गेली की सगळे ओरडतात. ती पुन्हा वर येईल, हे नकाशात कुणी धरत नाही.

युद्धानंतरची दोन-तीन वर्षं या यंत्राच्या दृष्टीनं फार गजबजलेली. इंडियानापोलिसमध्ये रॉबर्ट वेबर हा वीज कंपनीतला माणूस. घरच्या डीप फ्रीझरच्या गरम नळीला हात लागून चटका बसला आणि त्यातून त्याला घर तापवायची युक्ती सुचली असं सांगतात. गोष्ट फारच गोल आहे, म्हणून मला जरा शंका आहे; पण १९४५ साली त्यानं अंगणात तांब्याच्या नळ्या पुरल्या हे खरं. पोर्टलंडला १९४८ मध्ये पिएत्रो बेलुस्की या वास्तुविशारदाची इक्विटेबल बिल्डिंग उभी राहिली: अॅल्युमिनियम आणि काच, खिडक्या कायमच्या बंद. जे. डोनाल्ड क्रोकर या इंजिनिअरनं ती भूजलाच्या हीट पंपावर तापवून आणि गार करून दाखवली, वापरलेलं पाणी वेगळ्या विहिरीत सोडून. १९८० मध्ये अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेनं तिला ऐतिहासिक ठेव्याचा दर्जा दिला.

आणि त्याच १९४८ साली आमच्या कोलंबसमध्ये कार्ल नील्सन यानं स्वतःच्या राहत्या घराला भूजलावरचा हीट पंप बसवला. राहत्या घरातला या जातीचा पहिला म्हणून त्याचंच नाव घेतात. हा ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक. पुढं १९७० च्या दशकात खारट पाण्याच्या थरांत उन्हाची उष्णता साठवणाऱ्या तळ्यांवर त्यानंच काम केलं. पाण्यात उष्णता कशी राहते हेच त्याचं आयुष्यभराचं वेड असावं. घरात असं यंत्र ठेवण्याचं धाडस तेव्हा शक्य झालं ते त्यात फिरणाऱ्या फ्रिऑन या वायूमुळे. त्याआधी फ्रिजमध्ये अमोनिया किंवा सल्फर डायऑक्साइड असे. नळी फुटली तर घरातल्यांनी पळायचं. टॉमस मिजली यानं १९३० साली रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत हा नवा वायू छातीत भरून घेतला आणि फुंकून मेणबत्ती विझवली: विषारी नाही, पेट घेत नाही. हा मिजली राहायचा कोलंबसला लागून असलेल्या वर्दिंग्टनमध्ये आणि १९४४ साली तिथंच वारला. पेट्रोलमध्ये शिसं घालणारा तोच, आणि ज्याच्या वायूनं ओझोनचा थर विरतो हे पुढं सिद्ध झालं तोही तोच. एका माणसानं एवढं करून ठेवावं!

नील्सनचं यंत्र चाललं, पण गल्लीत दुसऱ्यानं बसवलं नाही. पन्नास-साठच्या दशकांत नैसर्गिक वायूच्या नळ्या घरोघर आल्या. दोन बोअर मारायचे, कॉम्प्रेसर आणायचा, एवढा उपद्व्याप कोण करतो?

मी १९७६ मध्ये ओहायो स्टेटला शिकायला आलो. ७२ चा दुष्काळ बघून आलेला पोरगा. गावाकडे बोअरची गाडी आली की अख्खी वाडी भोवती उभी राहायची. धूळ उडायची, मग चिखल, आणि चिखल पातळ झाला की कुणीतरी नारळ आणायला पळायचं. त्या डोळ्यांना कोलंबसचा पहिला हिवाळा म्हणजे दुसरंच जग होतं. जानेवारी १९७७ मध्ये सिनसिनाटीजवळ ओहायो नदी गोठली, लोक ती चालत ओलांडू लागले. वायू पुरेना. कोलंबसच्या शाळांच्या इमारती फेब्रुवारीत जवळजवळ महिनाभर बंद, मुलांचे धडे टीव्हीवर, रेडिओवर आणि वर्तमानपत्रात. माझ्या भाड्याच्या खोलीत वायूची शेगडी होती. मालकीणबाईंनी ती पंचावन्न फॅरनहाइटवर, म्हणजे १३ अंशांवर लावली आणि वर ब्लँकेट दिलं. आपल्या पायाखाली साठ फुटांवर साधारण याच तापमानाचं पाणी स्वस्थ बसलंय, हे मी त्याच आठवड्यात वर्गात शिकत होतो. पुढच्या वर्षी, २६ जानेवारी १९७८ ला, आजही ज्याची गोष्ट सांगतात ते हिमवादळ आलं.

त्या दोन हिवाळ्यांनी नील्सनला पुन्हा उजेडात आणलं. या वेळी ढोल वाजवणारे कॉम्प्रेसरवाले नव्हते, बोअरवाले होते. देशभरच्या बोअरवाल्यांची संघटना, नॅशनल वॉटर वेल असोसिएशन, तेव्हा वर्दिंग्टनलाच होती. त्यांना यात रस का, हे कळायला पंडित नको: नळाचं पाणी वाढलं तसं घरच्या बोअरचं काम घटत चाललेलं, आणि इथं एका घरामागं दोन बोअर. त्यांनी पुस्तिका काढल्या, परिषदा भरवल्या, मासिक चालवलं. त्यांच्या हेतूबद्दल कुणी नाक मुरडलं तर मुरडू दे. परतीच्या पाण्याचा नीट विचार करणारे त्या काळात तेच होते. सरकारनं १९७८ च्या कायद्यात भूगर्भातल्या उष्णतेसाठी करसवलत दिली खरी, पण नियमावलीत अट आली की विहिरीच्या तोंडाशी पाणी ५० अंशांहून जास्त गरम हवं. आमचं पाणी १२ अंशांचं. म्हणजे गरम पाण्याचे झरे असलेल्यांना सवलत, आम्हाला नमस्कार.

मी घर घेतलं ते या लाटेतलंच. आधीच्या मालकानं १९८० च्या सुमारास दोन बोअर मारून घेतलेले, चुनखडीच्या खडकात. पाणी जड, त्याला उकडलेल्या अंड्याचा थोडा वास. पहिली काही वर्षं काही विचारू नका, इतकं छान. मग परतीचं बोअर पाणी घेईना. वसंतात अंगणात झाकणाच्या कडेनं पाणी वर यायला लागलं. झाकण काढून बॅटरी मारली. केसिंगच्या आतून नारिंगी, बुळबुळीत थर, बोटाला लागला की लवकर सुटत नाही, वास गंजक्या लोखंडाचा. वरून येणारी परतीची नळी पाण्याच्या पातळीच्या दोन फूट वरच संपत होती, आणि पाणी धबधब्यासारखं खाली पडत होतं.

सगळी मेख तिथं आहे. जमिनीखालच्या पाण्यात लोह विरघळलेलं असतं आणि जोवर हवा लागत नाही तोवर ते विरघळलेलंच राहतं. हवा लागली की गंजासारखा साका बनतो, त्यावर जगणारे जिवाणू येतात, आणि खडकाच्या भेगा लिंपून टाकतात. परतीची नळी पाण्याखाली बुडलेली हवी, आणि शेवटाला थोडा दाब ठेवणारी झडप हवी, म्हणजे पाणी बोअरमधून निघून बोअरमध्ये जाईपर्यंत त्याला हवा भेटत नाही. नळी लांब करायला चार तुकडे पाइप पुरतो. बसवणाऱ्यानं तेवढे वाचवले होते. बोअर घासून, आम्ल घालून, पंपानं उलटं उपसून साफ करायला त्या पाइपच्या कित्येक पट पैसे गेले. अशी बुजलेली परतीची बोअर मी पुढं धंद्यात पुष्कळ पाहिली, आणि दर वेळी घरमालक शिव्या हीट पंपालाच घालायचा. यंत्र बिचारं ठणठणीत असायचं.

ज्यांना दुसऱ्या बोअरचा खर्च नको होता त्यांनी पाणी तळ्यात नाहीतर ओढ्यात सोडलं. कायद्यानं चालत असेल आणि खाली पाणी भरपूर असेल तर माझी त्याला फारशी हरकत नाही. पण एका रस्त्यावर अशी दहा घरं झाली की ब्रुकलिनचं छोटं रूप बघायला मिळतं: कोरड्या ऑगस्टात कोपऱ्यावरच्या घराचं बोअर हवा ओढायला लागतं. परतीची बोअर तर आता संघराज्याच्या पर्यावरण खात्याच्या लेखी जमिनीत द्रव सोडणाऱ्या विहिरी आहेत, पाचव्या वर्गातल्या. त्यांची नोंद द्यावी लागते.

या कटकटीवरचा तोडगा ओक्लाहोमात निघाला. तिथल्या स्टेट युनिव्हर्सिटीत जेम्स बोस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस पॉलिथिलीनच्या, वितळवून जोडलेल्या नळ्यांची बंद वेटोळी जमिनीत सोडली. आतलं पाणी तेच तेच फिरतं. उपसा नाही, परतावा नाही, लोह नाही. १९८७ मध्ये त्यांची आंतरराष्ट्रीय संघटना स्टिलवॉटरला निघाली, आणि आज नव्यानं बसतात ती बहुतेक यंत्रं याच जातीची. बोअर जास्त मारावी लागतात, खर्च वाढतो, आणि प्रवाही भूजलाइतकी चांगली उष्णता मिळत नाही. तरी लोक तीच घेतात, कारण पुढच्या वीस वर्षांची डोकेदुखी टळते. मला यात हार दिसते ती आमच्या धंद्याची. पाणी नीट परत घालणं ही काही अशक्य विद्या नाही. ती शिकवायचा आम्ही कंटाळा केला.

गेल्या मे महिन्यात जतहून पुतण्याचा फोन आला. घर नवीन बांधलंय, स्लॅब तापतो, रात्री बारापर्यंत आत बसवत नाही. ‘काका, तुमच्यासारखं बोअरच्या पाण्यावरचं यंत्र इथं बसेल का?’ मी त्याला विचारलं, बोअर किती फूट? पाचशेच्या वर. पाणी? मार्चपर्यंत. तिथलं भूजल सत्तावीस-अठ्ठावीस अंशांचं. बाहेर बेचाळीस असताना एसीची उष्णता टाकायला ते हवेपेक्षा केव्हाही सरस, यात वाद नाही. पण बेसाल्टच्या भेगांतलं ते मूठभर पाणी तासाला दीड हजार लिटरनं उपसायचं म्हणजे जानेवारीतच बोअर कोरडं. आणि समजा पाणी असतं, नीट परतही घातलं असतं, तरी जतला असा हिवाळा कुठला की जो वर्षभर जमिनीत टाकलेली उष्णता परत काढून घर तापवेल? आमच्याकडे डिसेंबर ते मार्च जेवढं काढतो, त्यातलं बरंचसं जून ते सप्टेंबर परत टाकतो. त्याच्याकडे नुसतं टाकणंच होणार.

‘मग काय करू?’ म्हणाला.

म्हटलं, या रविवारी स्लॅबला पांढरा चुना दोन हात मार, पश्चिमेच्या भिंतीवर सावली होईल असं पत्र्याचं छप्पर ओढ, आणि पावसाळ्यात छपराचं पाणी त्या बोअरमध्ये नीट गाळून सोड. नळी मात्र पाण्याखाली बुडव.